लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअलचं ऑइल: बाटलीच्या आधी एक्सल बघा

अमेरिकेत आलेला मराठी माणूस पहिली पिकअप बहुधा जुनीच घेतो. इंजिन ऑइल, ब्रेक, टायर, बॅटरी हे सगळं लगेच बघून होतं. मागच्या एक्सलच्या मधोमध जे गोल हौसिंग असतं, त्याच्या आतही ऑइल असतं आणि ते बदलावं लागतं, हे मात्र पार्किंगमध्ये वळताना गाडी मागून गुरगुरायला लागली की आठवतं. मग ऑटो पार्टच्या दुकानात जाऊन उभं राहायचं. समोर कपाटभर बाटल्या: ७५डब्ल्यू-८५, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-१४०. काहींवर 'लिमिटेड स्लिप' असं ठळक लिहिलेलं, काहींवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, काहींवर अजिबात नाही. शेजारी चार औंसांच्या चिमुकल्या बाटल्या, त्यांचं काय करायचं ते वेगळंच.

त्या कपाटासमोर उभ्या असलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं मुख्यतः अमेरिकन पिकअपची आहेत, कारण हा प्रकार तिथेच सर्रास सापडतो. महाराष्ट्रातल्या गाड्यांचं शेवटी वेगळं सांगितलंय. कपाटातल्या बहुतेक बाटल्या चांगल्याच असतात; प्रश्न असतो तो तुमच्या एक्सलमध्ये नेमकं काय बसवलंय याचा. ते कळलं की निवडायला एक-दोनच बाटल्या उरतात.

हौसिंगच्या आत काय चाललेलं असतं

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा म्हणजे डिफरेन्शिअल. साध्या डिफरेन्शिअलमध्ये एक खोट असते: ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक बर्फावर किंवा चिखलात असेल, तर त्याला गरगर फिरायला जोर असा लागतच नाही. मग कोरड्या जागेवरच्या दुसऱ्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच नगण्य जोर येतो आणि गाडी जागची हलत नाही. लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल, म्हणजे एलएसडी, एका चाकाला असं मोकाट सुटू देत नाही. पॅकार्डने १९५६ मध्ये 'ट्विन ट्रॅक्शन' या नावाने ते गाडीवर द्यायला सुरुवात केली आणि पुढे अमेरिकन गाड्यांत ते रुळलं.

पिकअपमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो क्लच प्लेटवाला प्रकार. पोलादी प्लेटा आणि घर्षणाचं अस्तर लावलेल्या प्लेटा एकाआड एक रचून स्प्रिंगने दाबलेल्या असतात. सरळ रस्त्यावर त्या एकमेकींना धरून राहतात. वळणावर थोड्या घसरतात. फोर्डचं ट्रॅक-लॉक याच जातीचं.

आता अडचण बघा. या प्लेटा ज्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्याच ऑइलमध्ये क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनकडून आलेला जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडीही फिरत असते. क्राऊन-पिनियनचे दाते हायपॉइड पद्धतीचे, म्हणजे फिरताना एकमेकांवर जबर दाबाखाली घासत जाणारे. त्यांना दाबाखाली न फाटणारी फिल्म देणारं, गंधक-फॉस्फरसच्या रसायनांनी भरलेलं ऑइल लागतं. प्लेटांना हवं असतं बेताचं घर्षण: फार कमी झालं तर एलएसडी निकामी, फार जास्त झालं तर वळणावर धडधड. एकाच ऑइलने हे दोन्ही सांभाळायचं आहे, म्हणून एलएसडीसाठी वेगळं ऑइल किंवा वेगळी बाटली लागते.

ती गुरगुर का येते तेही सांगतो. जड कपाट फरशीवरून सरकवताना आधी ते हलत नाही, मग एकदम फूटभर सरकतं, पुन्हा अडतं. थांबलेल्या अवस्थेतलं घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असलं की असं होतं. प्लेटांमध्ये हेच सेकंदाला कित्येकदा होतं आणि ते सीटखालून थरथरीसारखं जाणवतं. फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं रसायन थांबलेलं घर्षण खाली आणतं, त्यामुळे प्लेटा न अडता सरकतात. चार औंसांच्या बाटलीत तेच असतं.

पहिली पायरी: एक्सलची ओळख

या पायरीवर वेळ घालवा. पुढच्या सगळ्या यावरच उभ्या आहेत.

फोर्डची पिकअप असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. त्यावर 'एक्सल' या शब्दाखाली दोन अक्षरांचा कोड असतो. गेल्या दशकातल्या अनेक एफ-१५०वर '१९' म्हणजे ३.५५ गुणोत्तराचं साधं डिफरेन्शिअल, 'एच९' म्हणजे त्याच गुणोत्तराचं लिमिटेड-स्लिप आणि 'एल९' म्हणजे बटणाने लॉक होणारं. तीनही एक्सल बाहेरून सारखेच दिसतात, फॉर्म्युला मात्र निराळा. साध्यात फ्रिक्शन मॉडिफायरची गरज नाही, एच९मध्ये आहे, आणि बटणवाल्यात मॅन्युअल सांगेल तेच.

जनरल मोटर्सच्या सिल्व्हराडो आणि सिएरामध्ये ग्लव्हबॉक्समधल्या स्टिकरवर तीन-तीन अक्षरांचे कोड छापलेले असायचे. त्यात 'जी८०' शोधायचा. नव्या गाड्यांवर ही यादी छापलेली नसते, तेव्हा गाडीचा विन क्रमांक देऊन डीलरच्या पार्ट काउंटरवर विचारा, ते सांगतात. हा जी८० नवख्यांना हमखास चकवतो. दुकानातला मुलगा सुद्धा 'जी८० म्हणजे लिमिटेड-स्लिप' असं बेधडक सांगतो. जीएमच्या पिकअपमध्ये जी८० म्हणजे ईटन कंपनीचा आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि दोन्ही चाकं एकमेकांना जोडली जातात. गाडीचा वेग ताशी २० मैलांच्या आसपास गेला की ही यंत्रणा लागत नाही. त्यातही प्लेटा असतात, आणि त्या प्लेटांनी चटकन धरणं हेच त्याचं काम. मॉडिफायर ओतलात तर लॉक उशिरा लागेल किंवा लागणारच नाही. म्हणून जी८० पिकअपमध्ये वेगळा मॉडिफायर घालायचा नाही, जीएम सांगते ते साधं सिंथेटिक ऑइल भरायचं. गंमत म्हणजे याच कंपनीच्या कॅमॅरोसारख्या कारमध्ये जी८० हाच कोड खरोखरच्या लिमिटेड-स्लिपला दिलेला होता. तेव्हा कारवाल्या मित्राचा सल्ला पिकअपला लावू नका.

राममध्ये याला 'अँटी-स्पिन' म्हणतात. विन्डो स्टिकरवर किंवा बिल्ड शीटवर, म्हणजे गाडीत काय काय बसवलंय त्याच्या यादीत, हा शब्द शोधा.

टोयोटाचं प्रकरण आणखी वेगळं. टॅकोमावर २००९ पासून आणि आता भारतात मिळणाऱ्या हायलक्सवर 'ऑटो एलएसडी' असं नाव दिसतं. हौसिंगच्या आत मात्र क्लच प्लेटा नसतात. घसरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो आणि त्यामुळे जोर दुसरीकडे जातो, एवढाच तो प्रकार. डिफरेन्शिअल साधंच आहे, त्याला एलएसडी ऑइलचं काम नाही. जाहिरातीतल्या नावावर जाऊन महागडी बाटली घेणारे बरेच असतात.

टोर्सेन किंवा ईटन ट्रूट्रॅकसारख्या गिअरवाल्या एलएसडीत प्लेटाच नसतात. तिरक्या दातांच्या गिअरच्या आपसातल्या दाबावर ते चालतं. तिथे साधं जीएल-५ दर्जाचं ऑइल (या दर्जाबद्दल तिसऱ्या पायरीत) पुरतं, आणि मॉडिफायर घातला तर पकड उलट कमी होते.

गाडी तिसऱ्या-चौथ्या हातातली असेल तर स्टिकरवरही आंधळा विश्वास नको. एक्सल बदललेला असू शकतो, आतलं डिफरेन्शिअल बदललेलं असू शकतं. मागच्या कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर गुणोत्तर आणि कधी लिमिटेड-स्लिपची खूण असते. गंजलेली असेल तर तारेच्या ब्रशने घासून बघा.

चाक फिरवून बघायची जुनी युक्तीही आहे. पुढची चाकं अडवून, मागची दोन्ही चाकं उचलून जॅक-स्टँडवर ठेवायची, गिअर न्यूट्रलला, एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर क्लचवाली एलएसडी आहे. उलट दिशेने फिरलं तर मात्र निष्कर्ष काढायची घाई नको: साधं डिफरेन्शिअल, जी८० लॉकर, गिअरवाली एलएसडी आणि प्लेटा झिजून गेलेली क्लचवाली एलएसडी, चौघंही असंच वागतात.

इथे एक धोक्याची सूचना. एलएसडीच्या गाडीचं एकच मागचं चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारून निघते. साध्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला ही सवय असते, आणि नेमकी तीच महागात पडते.

दुसरी पायरी: नंबर

आपल्याकडे गॅरेजमध्ये '९० नंबर द्या', '१४० नंबर द्या' एवढं म्हटलं की काम होतं. इथे नंबर दोन भागांत येतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा गरम झाल्यावरच्या जाडीचा.

एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजमापात ७५डब्ल्यू ऑइल उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू जेमतेम उणे १२ पर्यंत. शिकागो किंवा मिनियापोलिसच्या जानेवारीत उणे १२ म्हणजे नेहमीचंच. तिथे ८५डब्ल्यू-१४० भरलं तर सकाळी पहिले काही मैल ते क्राऊनच्या दातांवर नीट उडतच नाही. टेक्सास किंवा ॲरिझोनात हा प्रश्न कमी, पण तिथे ट्रेलर ओढताना उष्णतेचा प्रश्न येतो.

१०० अंशांना ९० नंबरची जाडी १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), १४० नंबरची २४ ते ३२.५. बरेच जण ९० हा आकडा बघून ते इंजिनच्या ४० नंबरपेक्षा दुप्पट जाड असेल असं समजतात. तसं नाही. दोन्हींची फूटपट्टी वेगळी आहे. इंजिनचं ४० नंबर ऑइल १२.५ ते १६.३ मध्ये बसतं, म्हणजे जवळपास तेवढंच जाड.

'जास्त जाड म्हणजे जास्त सुरक्षित' हा आपल्याकडचा आवडता समज. जाड ऑइल घुसळायला ताकद लागते, तेल गरम होतं, मायलेज उतरतं. एकाच मॉडेलच्या पिकअपला वर्ष आणि एक्सलचा आकार बदलला की वेगळा नंबर लागतो. फोर्डने एफ-१५०च्या वेगवेगळ्या एक्सलना ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-१४० आणि अलीकडच्यांना पातळ ७५डब्ल्यू-८५ असे नंबर दिले आहेत. त्यामुळे 'माझ्या एफ-१५०ला अमुक घातलं, झकास चाललं' या शेजाऱ्याच्या अनुभवाचा उपयोग त्याच्या आणि तुमच्या दाराच्या स्टिकरवर एकच कोड असेल तरच. मॅन्युअलमधला नंबर घ्या. हातात मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या साइटवरून फुकट उतरवता येतं.

जड ट्रेलर नेहमी ओढत असाल तर मॅन्युअलमध्ये त्याची वेगळी ओळ आहे का बघा. काही गाड्यांना त्या कामासाठी वेगळं ऑइल किंवा कमी अंतराने बदल सांगितलेला असतो. ती ओळ नसेल तर स्वतःच्या मनाने १४०वर जाऊ नका.

तिसरी पायरी: जीएल-५

ही पायरी सोपी आहे. हायपॉइड एक्सलला एपीआय जीएल-५ दर्जाचंच ऑइल लागतं. जीएल-४मध्ये दाब सोसणारी रसायनं बरीच कमी असतात, ते मुख्यतः मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी. उलट चूकही करू नका: उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्यातलं गंधक पितळी सिंक्रोनायझर रिंगा खाऊ शकतं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटून देणाऱ्या पेटीचं ऑइल हे तिसरंच प्रकरण; बऱ्याच पिकअपमध्ये तिथे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनसारखं पातळ द्रव असतं.

चौथी पायरी: मॉडिफायर घालायचा का, किती

क्लचवाली एलएसडी असेल तर मॉडिफायर लागतो. तो दोन मार्गांनी मिळतो: ऑइलमध्येच मिसळलेला, किंवा वेगळ्या बाटलीत.

बाटलीच्या मागचं लेबल वाचा. 'लिमिटेड-स्लिप ॲडिटिव्ह समाविष्ट' किंवा 'वेगळ्या ॲडिटिव्हची गरज नाही' अशा अर्थाची ओळ असेल तर ऑइलमध्ये मॉडिफायर आहे. 'लिमिटेड-स्लिपसाठी योग्य' एवढंच असेल तर ते पुरेसं स्पष्ट नाही. कधी त्याच्यापुढे 'आवश्यक तेथे ॲडिटिव्ह घाला' असंही छापलेलं असतं. कंपनीच्या साइटवर त्या ऑइलचं माहितीपत्रक बघितलं की शंका मिटते.

माझा कल असा: वॉरंटीतल्या किंवा कमी चाललेल्या गाडीला कंपनीचं ऑइल आणि कंपनीचाच मॉडिफायर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने. फोर्डच्या एक्सलना मोटरक्राफ्टचं एक्सएल-३ आणि रामला मोपारचं ॲडिटिव्ह मिळतं, बाटली चार औंसांची, म्हणजे साधारण ११८ मिली. जुन्या, बऱ्याच चाललेल्या गाडीला आधीच मिसळलेलं चांगलं सिंथेटिक घ्या आणि चालवून बघा. गुरगुर नसेल तर विषय संपला. असेल तर वेगळा मॉडिफायर एक-एक औंसाने वाढवा, दर वेळी थोडं चालवून.

सगळी बाटली एकदम, वर आणखी एक 'असू दे' म्हणून, असं करणारे भेटतात. इथे अति तिथे माती. मॉडिफायर जास्त झाला की प्लेटा इतक्या गुळगुळीत होतात की एलएसडी साध्या डिफरेन्शिअलसारखी वागते. आवाज जातो म्हणून माणूस खूश, आणि पहिला बर्फ पडला की एक चाक गरगर फिरतंय. वळताना अगदी हलकी, क्वचित येणारी कुरकुर ही प्लेटा जिवंत असल्याची खूण म्हणून मी चालवून घेतो.

पाचवी पायरी: बदलताना

बहुतेक हाफ-टन, म्हणजे एफ-१५०च्या वर्गातल्या पिकअपना २ ते ३ क्वार्ट ऑइल लागतं. एक क्वार्ट म्हणजे ०.९५ लिटरच्या आसपास. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा एक बाटली जास्त आणा, थोडं सांडतंच.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, ऑइल कोमट झालं की गाळासकट निघतं. गाडी सपाट जागेवर हवी. आता सगळ्यात आधी भरायचा प्लग उघडा. आधी ऑइल काढून टाकलं आणि मग भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी ऑइलविना जागेवर उभी राहते आणि टो ट्रक बोलवावा लागतो. अनेक एक्सलवर या प्लगला चौकोनी खड्डा असतो, त्यात तीन-अष्टमांश इंची रॅचेट थेट बसतो.

फोर्डच्या ८.८ इंची एक्सलसारख्या बऱ्याच हौसिंगना खाली ड्रेन प्लगच नसतो. मागचं कव्हर काढावं लागतं. खालचे बोल्ट आधी काढा, वरचे दोन अर्धेच ढिले करून ठेवा, मग कव्हरच्या खालच्या कडेला पट्टी घालून हलकेच उचका. ऑइल खालून शिस्तीत परातीत पडतं. वरचे दोन्हीही काढले असतील तर कव्हर आणि अडीच लिटर ऑइल एकदम अंगावर येतं, आणि गिअर ऑइलचा तो कुजक्या अंड्यासारखा वास कपड्यांतून दोन-तीन धुण्यांतही जात नाही. हातमोजे घाला.

कव्हर निघालं की घाई करू नका, आत बघा. चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चुरडल्यावर टोचणारे कण, दाताचे तुकडे किंवा बेअरिंगच्या सुया दिसल्या तर ऑइल बदलून भागणार नाही, मेकॅनिकला दाखवा. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. बोट पाण्यात उतरवणाऱ्यांच्या गाड्यांत हे फार दिसतं: गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, नाहीतर ब्रीदरच्या, म्हणजे हौसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या नळीतून पाणी ओढलं जातं. ब्रीदर चोंदलेला असेल तर उलटंही होतं, दाब वाढून सीलमधून ऑइल गळतं. तेव्हा त्या नळीत एकदा फुंकर मारून बघा.

कव्हर आणि हौसिंगच्या कडा पूर्ण स्वच्छ आणि कोरड्या करा, गॅस्केट सिलिकॉनची अखंड पातळ रेघ ओढा, प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा आणि मगच भरा.

भरताना आधी मॉडिफायर, मग ऑइल. उलट केलं तर पातळी आधीच गाठली जाते आणि मॉडिफायरला जागाच उरत नाही. पातळी किती, हे एक्सलप्रमाणे ठरतं: काहींमध्ये भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, काहींमध्ये त्याच्या थोडं खाली. जास्त भरलं तर फेस होतो आणि ऑइल ब्रीदरवाटे बाहेर येतं.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन इंग्रजी आठच्या आकड्यात दहा-बारा फेऱ्या मारा, सावकाश, स्टीअरिंग बरंच वळवून. प्लेटा घसरतात आणि नवं ऑइल त्यांच्या मध्ये शिरतं. ही पायरी गाळून 'नवं ऑइल घातलं तरी आवाज तसाच' म्हणणाऱ्यांना मी आधी पार्किंगमध्येच पाठवतो.

तरीही आवाज गेला नाही तर बाटल्या ओतत बसण्याआधी टायर मोजा. मागच्या दोन टायरांची झीज किंवा माप वेगळं असेल, किंवा एका बाजूला लहान स्पेअर लावून गाडी दिवसेंदिवस चालवली असेल, तर सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घसरत राहतात. त्या तापतात, ऑइल जळतं. टायर न बदलता ऑइल बदलत राहणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं. टायर सारखे असून, ऑइल नवं असून, मॉडिफायर योग्य मापात असूनही धडधड राहिली तर प्लेटा गेल्या असं समजा. त्या बदलायचा संच मिळतो.

जुनं ऑइल झाकणबंद डब्यात भरून ऑटोझोन किंवा ओ'रायलीसारख्या दुकानात नेऊन द्या. न्यायच्या आधी आपल्या जवळच्या शाखेत गिअर ऑइल घेतात का ते विचारून घ्या. त्यात ब्रेक क्लीनर किंवा कूलंट मिसळू देऊ नका, मग ते कुणीच घेत नाही.

महाराष्ट्रातल्या गाड्यांचं

टाटा झेनॉन आणि डायकॉर सफारीच्या फोर-बाय-फोरमध्ये मागे एलएसडी मिळायची. या गाड्या अजून बऱ्याच फिरतात आणि कुठल्याशा गॅरेजमध्ये कधीतरी त्यात सरसकट ९० नंबर भरलेलं असतं. वळताना मागून धडधड येत असेल तर क्राऊन-पिनियन उघडायला सांगण्याआधी एलएसडीचं ऑइल घालून बघा. यातून वाचलेला खर्च थोडाथोडका नसतो.

महिंद्राच्या थार, स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोर आणि बोलेरो निओच्या एन१० ऑप्शन या गाड्यांच्या काही मॉडेलमध्ये मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शिअल येतं. त्याचा कूळ-गोत्र वर सांगितलेल्या ईटन लॉकरचा. तेव्हा 'एलएसडी आहे ना, मग ॲडिटिव्ह घालू' असं कुणी म्हणालं तर थांबवा आणि महिंद्राने दिलेला ग्रेडच भरायला सांगा. लॉक लागताना 'खट्' असा आवाज आणि हिसका येतो, तो बिघाड नाही.

टिपर आणि मोठ्या ट्रकमध्ये डॅशबोर्डवर डिफरेन्शिअल लॉकचं बटण असतं. ती एलएसडी नाही. त्यांना जीएल-५ दर्जाचं, कंपनीने सांगितलेल्या नंबरचं ऑइल लागतं; जुन्या गाड्यांत ते बहुतेक ८५डब्ल्यू-१४०, ज्याला सगळे '१४० नंबर' म्हणतात. आपल्या हवेत ८५डब्ल्यूला थंडीची अडचण येत नाही. अडचण येते ती पावसाळ्यात. ओढ्याच्या पाण्यातून, भरलेल्या शेतातून गाडी काढली असेल तर त्या आठवड्यात भरायचा प्लग उघडून बोट घालून बघा. ऑइल पांढुरकं दिसलं तर सर्व्हिसची तारीख यायची वाट न बघता बदला.

गॅरेजमध्ये गाडी लावताना मिस्त्रींना 'डिफरेन्शिअलचं ऑइल बदला' एवढंच सांगू नका. आत काय आहे, कुठला नंबर, जीएल-५ आणि मॉडिफायर घालायचा की नाही, हे चार शब्दांत कागदावर लिहून स्टीअरिंगला लावा आणि सीलबंद डबा स्वतः नेऊन द्या. सुटं ऑइल ड्रममधून काढून भरणाऱ्या गॅरेजमध्ये कुणाच्या गाडीला काय गेलं, याचा पत्ता संध्याकाळपर्यंत कुणालाच नसतो.